चालू असलेल्या प्रोग्रामला स्वतःची फाइल कुठे आहे हे कसं कळतं?

आठवीत असताना चुलत भावाच्या कॉम्प्युटरवरचा एक गेम मी पेन ड्राइव्हमध्ये घालून घरी आणला. डबल क्लिक केलं, तर गेमऐवजी एक चौकट आली: अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही. दुसऱ्या दिवशी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नुसती ती एकच फाइल काय नेतेस, अख्खा फोल्डर ने की!" फोल्डर आणला, गेम चालला.

अडचण सुटली, पण कारण कळलं नव्हतं. फाइल तर तीच होती, एका अक्षराचाही बदल नव्हता. मग जागा बदलल्याने काय बिघडलं?

झालं असं होतं की गेमच्या मुख्य फाइलला आणखी डझनभर फाइल्स लागत होत्या: चित्रं, आवाज, डीएलएल म्हणजे तयार कोडचे गठ्ठे. यातले डीएलएल विंडोज शोधतं, आणि सर्वसाधारणपणे मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी बघतं. चित्रं आणि आवाज मात्र गेमला स्वतः शोधावे लागतात. दोन्ही शोध एकाच प्रश्नापासून सुरू होतात: हा प्रोग्राम आत्ता नेमका कुठे ठेवलेला आहे?

प्रश्न बाळबोध वाटतो. पण याच्या चुकीच्या उत्तरामुळे सॉफ्टवेअर बंद पडलीत, आणि एकदा तर याच उत्तराचा आधार घेऊन साध्या युजरला कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा मिळवता येईल अशी वाट निघाली होती.

फाइल आणि प्रोग्राम एकच नाहीत का?

नाहीत. नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. डिस्कवरची फाइल ही संहिता. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ती मेमरीत आणते आणि प्रयोग सुरू होतो. या चालू प्रयोगाला 'प्रोसेस' म्हणतात. एकाच संहितेचे एका वेळी तीन प्रयोग सुरू असू शकतात, म्हणजे एकाच कॅल्क्युलेटरच्या तीन खिडक्या.

आता रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाला विचारा, तुझी संहिता कुठल्या कपाटात आहे? त्याला संवाद पाठ आहेत, कपाट माहीत असण्याचं कारण नाही. प्रोसेसचंही तसंच असतं. तिच्या सूचनांमध्ये "मी अमुक फोल्डरमध्ये राहते" असं लिहून ठेवता येत नाही, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो तुमच्या कॉम्प्युटरवर कुठे जाऊन पडेल हे माहीत नसतं. त्यामुळे पत्ता चालू झाल्यावर कोणाला तरी विचारावा लागतो. कोणाला विचारायचं, यात सगळी मेख आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक

नवशिके प्रोग्रामर कोणालाच विचारत नाहीत. ते सरळ लिहितात: 'डेटा नावाच्या फाइलमधून यादी वाच.' कुठली डेटा फाइल, कुठल्या फोल्डरमधली, हे लिहीत नाहीत. मग सिस्टीम ती फाइल 'चालू फोल्डर'मध्ये शोधते.

चालू फोल्डर म्हणजे प्रोग्रामचं घर नव्हे. प्रोग्राम सुरू करताना त्याला जिथे उभं केलं ती जागा. घर कोथरूडला असलं तरी माणूस आत्ता दादर स्टेशनवर उभा असू शकतो. "शेजारच्या दुकानातून दूध आण" म्हटलं तर तो दादरचं दुकान शोधणार.

गंमत अशी की डबल क्लिक केल्यावर बहुतेक वेळा घर आणि उभं राहण्याची जागा एकच निघते, म्हणून चूक लपून राहते. ती उघड होते ते प्रोग्राम वेगळ्या पद्धतीने सुरू केल्यावर. लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी 'क्रॉन' नावाची सोय आहे, ती प्रोग्रामला युजरच्या होम फोल्डरमध्ये उभं करते. विंडोजमध्ये पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसेस सिस्टम ३२ या फोल्डरमध्ये उभ्या असतात. म्हणून "हाताने चालवला की चालतो, रात्री आपोआप चालवला की फाइल सापडत नाही म्हणतो" ही तक्रार आयटीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, ओळखीची निघेल.

सुरू करणारा जे नाव सांगेल ते

दुसरा मार्ग जुना आहे, युनिक्सच्या काळापासूनचा. प्रोग्राम सुरू होताना त्याला शब्दांची एक यादी दिली जाते. सी भाषेत हिला 'आर्गव्ही' म्हणतात. या यादीची मोजणी शून्यापासून होते आणि शून्याव्या जागी प्रोग्रामचं नाव ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे ही यादी उघडली की पत्ता मिळाला?

नाही. प्रघात हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिथे काय लिहायचं हे प्रोग्राम सुरू करणारा ठरवतो. पूर्ण पत्ता लिहील, नुसतं नाव लिहील किंवा धडधडीत खोटं लिहील. लिनक्समध्ये लॉगिन केल्यावर सुरू होणाऱ्या 'बॅश'च्या नावापुढे चक्क एक आडवी रेघ जोडलेली असते. त्या नावाची फाइल डिस्कवर कुठेच नसते. ती रेघ म्हणजे "तू लॉगिनसाठी सुरू झाला आहेस" हा बॅशला दिलेला इशारा आहे.

या ढिलाईचा चांगला उपयोगही झालाय. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉलरसाठी 'बिझीबॉक्स' लिहिला. फाइल्सची यादी दाखवणं, कॉपी करणं, पुसणं अशी कितीतरी कामं करणाऱ्या वेगवेगळ्या कमांड्स त्यात एकाच फाइलमध्ये आहेत. ती फाइल आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली गेली हे बघते आणि तेवढंच काम करते. घरोघरच्या अनेक वायफाय राउटर्समध्ये आजही हा बहुरूपी बसलेला असतो.

म्हणजे शून्याव्या जागेवरून "मला काय म्हणून बोलावलं" हे कळतं. "मी कुठे आहे" हे खात्रीने कळत नाही. आणि ती जागा भरलेली असेलच असंही गृहीत धरू नये. ते का, हे पुढे येईलच.

मग खरं उत्तर कोणाकडे असतं?

ऑपरेटिंग सिस्टीमकडे. फाइल उघडून मेमरीत तिनेच आणली, त्यामुळे नोंद तिच्याकडे असते. फक्त विचारण्याची पद्धत प्रत्येकीची निराळी आहे.

लिनक्सवर 'प्रोक' नावाचा एक फोल्डर दिसतो. तो डिस्कवर नसतो. सिस्टीम आपल्याकडची माहिती फाइल्सच्या रूपात तिथे मांडून दाखवते. त्यात 'सेल्फ' म्हणजे विचारणारी प्रोसेस स्वतः, आणि त्याच्या आत 'एक्झी' नावाचा एक दुवा. हा दुवा वाचला की चालू प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण पत्ता हातात येतो.

विंडोजमध्ये 'गेट मॉड्यूल फाइल नेम' हे फंक्शन आहे. उत्तर ठेवायला किती जागा लागेल ते प्रोग्रामने आधी सांगायचं. विंडोजमधल्या पत्त्याची मर्यादा परंपरेने २६० अक्षरांची, म्हणून बरेच जण तेवढीच जागा राखतात. त्यापेक्षा लांब पत्ताही असू शकतो आणि मग उत्तर मध्येच कापलं जातं. अर्धा पत्ता घेऊन निघालेला प्रोग्राम अर्थातच कुठेच पोहोचत नाही. मॅकवरही यासाठी वेगळं फंक्शन आहे, पण ते देत असलेला पत्ता एखाद्या शॉर्टकटसारख्या दुव्यावरचा असू शकतो. खरी फाइल हवी तर तो दुवा आणखी उलगडावा लागतो. ओपनबीएसडी या सिस्टीममध्ये तर हे विचारण्याची सरळ सोयच नाही.

एक उपप्रश्न राहतो. प्रोग्राम पायथनसारख्या भाषेतली स्क्रिप्ट असेल तर? तेव्हा सिस्टीमच्या लेखी चालू असलेला प्रोग्राम म्हणजे पायथन. "मी कोण" असं विचारलं की ती पायथनच्याच फाइलचा पत्ता देते. स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता पायथनकडून घ्यावा लागतो. त्यासाठी पायथन 'फाइल' नावाचं एक खास व्हेरिएबल भरून ठेवतं.

फोल्डरचं नाव मराठीत असेल तर?

हा भाग आपल्यासाठी खास आहे. समजा, तुम्ही एक जुना फोटो बघायचा प्रोग्राम 'लग्नाचे फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि तो तिथून चालवला. विंडोजमध्ये पत्ता सांगणाऱ्या फंक्शनची दोन रूपं आहेत. एक नवं, युनिकोड जाणणारं. दुसरं जुनं, प्रत्येक भाषेसाठी ठरवलेल्या 'कोड पेज' नावाच्या अक्षरतक्त्यावर चालणारं. देवनागरीसाठी विंडोजने असा जुन्या पद्धतीचा तक्ता दिलेलाच नाही. मराठी आणि हिंदी तिथे थेट युनिकोडमधूनच आल्या.

परिणाम? जुनं रूप वापरणाऱ्या प्रोग्रामने पत्ता विचारला की फोल्डरच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात: '??????? ????'. मोजून बघा. 'लग्नाचे'साठी सात, कारण ल, ग, हलन्त, न, काना, च आणि मात्रा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'फोटो'साठी चार. आता विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे प्रोग्रामच्या हाती असा पत्ता येतो जो अस्तित्वात असूच शकत नाही. तो "फाइल सापडली नाही" म्हणतो आणि बंद पडतो.

कॉम्प्युटर सेट करताना युजरचं नाव देवनागरीत लिहिलं तर हा त्रास आणखी पसरतो, कारण त्या नावाचा फोल्डर जवळपास प्रत्येक पत्त्यात येतो. "फोल्डरची नावं इंग्रजीतच ठेवा" हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचा सल्ला इथून आलाय. माझ्या मते तो सल्ला म्हणजे चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा आहे. चूक नाव देणाऱ्याची नाही, जुनं फंक्शन वापरणाऱ्या प्रोग्रामची आहे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून तर प्रोग्रामला "माझ्यासाठी यूटीएफ-८ हाच तक्ता वापर" असं जाहीर करता येतं, आणि मग जुनी फंक्शन्सही देवनागरी नीट देतात.

लिनक्सवर प्रश्नचिन्हं येत नाहीत, पण तिथे वेगळा हिशोब आहे. नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरांचं नाव चालतं, मराठीत काना-मात्रा धरून ८५ चिन्हांचं.

फोनवरची ॲप्स काय करतात?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, म्हणून मघाचा 'प्रोक'चा मार्ग चालेल असं वाटेल. विचारलं तर उत्तर मिळतं, पण जवळपास सगळ्या ॲप्सना एकच: 'ॲप प्रोसेस' नावाची सिस्टीमची फाइल. कारण अँड्रॉइड प्रत्येक ॲप शून्यापासून सुरू करत नाही. 'झायगोट' नावाची एक प्रोसेस आधीच तयार असते. तुम्ही आयकॉनवर टॅप केलं की तिची प्रत काढली जाते आणि त्या प्रतीत तुमचं ॲप भरलं जातं. त्यामुळे ॲप्स लवकर उघडतात, पण मूळ फाइल सगळ्यांची तीच दिसते.

स्वतःची एपीके फाइल कुठे आहे हे ॲपला अँड्रॉइडच्याच ॲप-नोंदवहीतून विचारावं लागतं. अलीकडच्या आवृत्त्यांत त्या फोल्डरच्या नावात अगम्य अक्षरं असतात आणि अपडेटनंतर ती बदलतात. म्हणून पत्ता एकदा विचारून लिहून ठेवणं उपयोगाचं नाही, दर वेळी नव्याने विचारायचा.

प्रोग्राम चालू असताना फाइलच पुसली तर?

विंडोज पुसू देत नाही. "ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे" असं बजावतं. नाव मात्र बदलू देतं, आणि काही सॉफ्टवेअर स्वतःला अपडेट करताना हीच पळवाट वापरतात: जुन्या फाइलचं नाव बदलायचं, नवी तिच्या जागी ठेवायची.

लिनक्समध्ये फाइल आणि तिचं नाव या दोन सुट्या गोष्टी आहेत. नाव फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं, मजकूर वेगळीकडे. एका मजकुराला दोन फोल्डरांत दोन नावं असू शकतात. याला 'हार्ड लिंक' म्हणतात, आणि त्यातलं खरं नाव कुठलं हा प्रश्नच गैरलागू ठरतो. दोन्ही तितकीच खरी. नाव पुसलं तरी प्रोग्राम चालू असेपर्यंत मजकूर शिल्लक राहतो. तेव्हा पत्ता विचारला तर सिस्टीम जुनाच पत्ता देते आणि शेवटी कंसात 'डिलीटेड' असा शेरा जोडते.

याचा गैरवापर कसा झाला?

लिनक्समध्ये काही प्रोग्राम असे असतात की ते कोणीही चालवले तरी 'रूट'च्या, म्हणजे सर्वाधिकारी मालकाच्या, अधिकाराने चालतात. पासवर्ड बदलण्यासारख्या कामांना ते लागतं. अशा प्रोग्रामला फसवलं की पूर्ण कॉम्प्युटर हातात.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने नेमकं हे करून दाखवलं. प्रोग्रामला लागणारे कोडचे गठ्ठे शोधताना 'ओरिजिन' असा शब्द वापरता येतो. त्याचा अर्थ, "प्रोग्रामची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे बघ". ऑर्मंडीने अशा अधिकारवाल्या प्रोग्रामची हार्ड लिंक स्वतःच्या फोल्डरमध्ये बनवली. प्रोग्राम अस्सल, मजकूर अस्सल, पण आता 'मी कुठे आहे' याचं उत्तर हल्ला करणाऱ्याच्या फोल्डरकडे नेत होतं. तिथे ठेवलेला कोड रूटच्या अधिकाराने चालला. ती चूक दुरुस्त झाली. पुढे २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत, दुसऱ्याच्या फाइलला कोणीही अशी हार्ड लिंक जोडू नये यासाठीही बंदोबस्त आला.

दुसरं उदाहरण त्या शून्याव्या जागेचं. 'पीकेएक्झेक' हा बहुतेक लिनक्स सिस्टीम्सवर असणारा, रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम. त्याने गृहीत धरलं होतं की यादीत निदान आपलं नाव तरी असणारच, म्हणून तो पुढच्या, म्हणजे पहिल्या जागेपासून वाचायला लागायचा. पण यादी पूर्ण रिकामी दिली तर? मेमरीत तिला लागूनच सिस्टीमच्या सेटिंग्जची यादी असते. प्रोग्राम नकळत त्या शेजारच्या यादीत शिरून वाचायचा आणि तिथे लिहायचासुद्धा. एरवी अशा प्रोग्रामसमोरून काढून टाकलं जाणारं एखादं धोकादायक सेटिंग या वाटेने परत आत घुसवता येत होतं. क्वालिस या कंपनीने २५ जानेवारी २०२२ रोजी हे जाहीर केलं, 'प्वनकिट' या नावाने. चूक मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून होती, म्हणजे साडेबारा वर्षांहून अधिक काळ. त्याच वर्षी आलेल्या लिनक्सच्या ५.१८ आवृत्तीपासून यादी रिकामी आली तर सिस्टीमच तिच्यात एक कोरा शब्द भरते.

तुमच्या रोजच्या वापरात याचा संबंध कुठे येतो?

डाउनलोड्स फोल्डरमध्ये. आपण सगळे तिथे काहीही साठवून ठेवतो. विंडोज प्रोग्रामच्या शेजारी आधी बघतं, हे सुरुवातीला आलंच. एखाद्या वेबसाइटवरून नकळत उतरलेली बनावट डीएलएल त्या फोल्डरमध्ये पडून असेल आणि सहा महिन्यांनी तुम्ही तिथूनच अगदी अस्सल इन्स्टॉलर चालवलात, तर तो ही बनावट फाइल आपलीच समजून उचलू शकतो. म्हणून इन्स्टॉलर वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये हलवून चालवलेला बरा. आणि तो फोल्डर अधूनमधून झाडून काढावा, आईने माळा काढायला लावावा तसा.

मॅकवर ॲपलने यावर अजब उपाय काढलाय. २०१५ मध्ये पॅट्रिक वॉर्डल यांनी दाखवलं होतं की मॅकची 'गेटकीपर' तपासणी ॲप अस्सल आहे का ते बघते, पण ते ॲप शेजारून जे उचलतं ते बघत नाही. मग २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून, इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप तुम्ही जागेवरूनच उघडलं तर मॅक ते एका तात्पुरत्या, वाटेल त्या नावाच्या जागेवरून चालवतो, जिथे शेजारीपाजारी कोणीच नसतं. ॲपने पत्ता विचारला की ती तात्पुरती जागाच सांगितली जाते. तिथे काही लिहिता येत नसल्यामुळे काही ॲप्सना स्वतःला अपडेट करणंही जमत नाही. फाइंडरमधून ॲप ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढून टाकलं की हा प्रकार थांबतो.

विंडोजमध्ये झिप फाइल उघडून आतल्याच प्रोग्रामवर डबल क्लिक करण्याची सवय असेल, तर तिथेही असंच होतं. विंडोज तेवढी एकच फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढून चालवतं. प्रोग्राम आजूबाजूला बघतो, तर बाकीच्या फाइल्स अजून झिपमध्येच. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, मग त्या फोल्डरमधून प्रोग्राम सुरू करा.